मृग हुकल्यावर

आष्टी म्हटले की अनेकांना बापू गोखले आणि १८१८ची लढाई आठवते. ती आष्टी सोलापूरकडची. इथे बोलायचे आहे ते बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नगरच्या बाजारपेठेला जवळ पडणाऱ्या आष्टीविषयी. ठरवलेले घडत नाही, हा अनुभव इथल्या माणसाला घाऊक भावात मिळतो. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. त्या वर्षी जन्मलेले पोर शाळा-कॉलेज उरकून, पुण्यात नोकरी धरून लग्नाला आले, तेव्हा कुठे २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, याच मार्गावरच्या गाडीला नारायणडोहजवळ आग लागली आणि डबे जळाले. माणसे वाचली एवढेच नशीब. गाडी बीडपर्यंत पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. आणि त्याच महिन्यात, एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यावर असा पाऊस कोसळला की कडा परिसरात पुरात अडकलेल्यांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर मागवावे लागले. दुष्काळाची जुळवाजुळव करणाऱ्याच्या दारात पूर यावा, यावर हसायचे की कपाळाला हात लावायचा?

‘आनंदी राहा, आशा सोडू नका’ हा सल्ला अशा गावी नेऊन तपासायला हवा. शहरातल्या वातानुकूलित सभागृहात तो चांगला चालतो. तिथे मनाविरुद्ध घडलेली गोष्ट बहुतेक वेळा हुकलेली बढती किंवा फिसकटलेला परदेश प्रवास एवढीच असते. आपल्याकडे हा सल्ला दोन रूपांत फिरतो. एक म्हणते, सगळे चांगलेच होणार असे मनात धरा, म्हणजे तसेच होईल. दुसरे म्हणते, जे वाट्याला आले त्यात समाधान माना. पहिल्याने माणूस फसतो, दुसऱ्याने तो गप्प बसतो. तरीही आशावाद हा शब्दच निकालात काढावा असे मला वाटत नाही, कारण लागोपाठच्या अपेक्षाभंगांनंतरही ही माणसे पुढच्या ज्येष्ठात बियाणे आणतातच, आणि ती काही भोळी नसतात. मग ती नेमकी कशाची आशा धरतात, हे पाहणे जास्त उपयोगाचे. माझे म्हणणे असे की आशा एखाद्या ठरावीक फळाला आणि ठरावीक तारखेला बांधली की ती माणसाला मोडते. हातातल्या पुढच्या कामाला बांधली तर टिकते. आणि हे टिकणे मनाच्या बळावर जितके अवलंबून असते तितकेच आजूबाजूच्या व्यवस्थेवरही असते.

तारखेला बांधलेल्या आशेचे सर्वांत भीषण उदाहरण व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी लिहून ठेवले आहे. ते नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतले. १९४४चा नाताळ आणि १९४५चा नववर्षदिन यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या छावणीत मृत्यू एकदम वाढले. काम वाढले नव्हते, अन्न आणखी घटले नव्हते, नवी साथ आली नव्हती. छावणीतल्या डॉक्टरचा निष्कर्ष असा, की नाताळला आपण घरी असू असे अनेकांनी मनाशी पक्के धरले होते. नाताळ आला आणि गेला, तशी त्यांची उभारीही गेली. हे एका माणसाचे निरीक्षण आहे, शास्त्रीय मोजमाप नाही, हे मान्य. पण मोजमापही याच दिशेला बोट दाखवते. जर्मनीत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी थॉमस वॅडन यांच्यासह १९९१ साली वजन घटवण्याच्या कार्यक्रमात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा भरवसा असलेल्यांचे वजन जास्त उतरले. मात्र सडपातळ झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रे ज्या मनात रंगवत होत्या, त्यांचे कमी उतरले. वरवर पाहता भरवसा आणि स्वप्नरंजन ही एकाच घरातली भावंडे वाटतात, पण त्यांची वागणूक उलटी निघाली. ओटिंगेन यांनी पुढची कित्येक वर्षे हाच धागा धरून काम केले. चांगल्या फळाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे आणि लगेच वाटेतली अडचणही डोळ्यांसमोर आणावी. दोन्ही शेजारी ठेवली की हातपाय हलतात, असे त्यांचे सांगणे आहे.

आता शेतात येऊ. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ‘आपत्कालीन पीक नियोजन’ नावाचे एक तक्तेवजा मार्गदर्शन देते. सरकारी भाषेत लिहिलेला इतका कोरडा कागद क्वचितच असेल. पण आशावादावर मराठीत याहून चांगले काही लिहिले गेले आहे का, अशी मला शंका आहे. मृगाचा पाऊस हुकेल हे त्यात गृहीतच धरलेले असते. पाऊस जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आला तर काय पेरायचे, दुसऱ्या पंधरवड्यात आला तर काय, ऑगस्टवर गेला तर काय, याची वेगवेगळी उत्तरे त्यात सापडतात. मूग-उडदाची वेळ आधी टळते. बाजरीला जुलैअखेरपर्यंत मुदत असते. तूर, सूर्यफूल, एरंडी त्याही पुढे चालतात. खरीप पुरता हातचा गेला, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीतल्या ओलीवर रब्बीची ज्वारी आहेच, आणि ज्वारीने दाणा कमी दिला तरी कडबा जनावरांच्या तोंडी पडतो. विद्यापीठ निघण्याच्या कितीतरी आधीपासून हेच शहाणपण इथल्या पाभरीत होते. बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक असे पेरले की बाजरी ऐंशी-नव्वद दिवसांत घरी येते, तूर पौष-माघापर्यंत उभी राहते. बाजरीची मुळे वरच्या थरात, तुरीची सोटमुळे खोल. पाऊस लवकर संपला तर बाजरीने पोट भरायचे. मधेच ताण पडून परतीचा पाऊस आला तर तुरीने हात द्यायचा. ‘यंदा पीक भरघोस येणार’ असे म्हणणाऱ्याला असे पेरायचे कारण नाही, आणि ‘काहीच होणार नाही’ म्हणणारा पाभर बाहेरच काढत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची जी व्याख्या केली तिच्यात दोनच गोष्टी होत्या: चालण्याची इच्छा, आणि एक वाट बंद झाली तर दुसरी दिसणे. पहिली नसेल तर माणूस उठत नाही, दुसरी नसेल तर तो त्याच बंद दारावर डोके आपटत राहतो.

ही दुसरी वाट दिसण्याची ताकद जन्मजात असते का? याचे उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि ज्यांनी प्रश्न मांडला त्यांनीच आपले पहिले उत्तर उलटवले. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचे झटके थांबवणे ज्यांच्या हाती नव्हते ती कुत्री, पुढे सुटकेची सोपी वाट समोर असतानाही पडून राहिली. त्यावरून त्यांनी असे मांडले की प्राणी असहायता शिकतो: आपल्या करण्याने काही होत नाही, हा धडा एकदा गिरवला की तो सुटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत हेच छापले गेले. पुढे मायर मेंदूशास्त्राकडे वळले, आणि २०१६ साली दोघांनी मिळून लिहिले की आपण नेमके उलटे समजत होतो. दीर्घकाळ त्रास झाला की गळून जाणे हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे. तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. तसा अनुभव मिळाला की मेंदूच्या पुढच्या भागातली यंत्रणा त्या मूळच्या गळाठ्याला आवर घालते आणि पुढच्या संकटातही कामी येते. ही माहिती ज्याच्या-त्याच्या कानावर जायला हवी असे मला वाटते, कारण तिने दोष देण्याची दिशाच बदलते. संकटात हातपाय गाळून बसलेल्या माणसाला आपण भित्रा, कमकुवत, रडका म्हणतो. मेंदूच्या हिशेबाने तो अगदी नेहमीसारखे वागत असतो. त्याला उपदेश ऐकवून फारसे काही होत नाही. त्याच्या करण्याने काहीतरी हलले, असा छोटासा का होईना पण खरा अनुभव त्याला मिळायला हवा.

आष्टी तालुक्याने देशाला दिलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस या संदर्भात बघण्यासारखा आहे. त्याच्या पदकांपेक्षाही त्याच्या पराभवांसाठी. अविनाश साबळे हा मांडवा गावचा, जन्म १९९४चा. आई-वडील शेती आणि वीटभट्टीवर मजुरी करणारे. शाळा सहा किलोमीटरवर, जाणे-येणे पायी नाहीतर धावत. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीन आणि राजस्थान पाहिले, धावण्याच्या स्पर्धांत उतरला तो २०१५च्या सुमारास आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला त्यानंतर. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडायचे असतात. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा पडतो. इथला लाकडी ओंडका जागचा हलत नाही, आपटतो तो धावणारा. (यावरून जीवनाचे तत्त्वज्ञान सांगण्याचा मोह वाचकाने आणि लेखकाने दोघांनीही आवरावा.) २०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत धावला. हा नवा राष्ट्रीय विक्रम होता, आणि तरीही तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. आयुष्यातली सर्वांत चांगली धाव आणि घरी परतण्याचे तिकीट एकाच क्षणी हातात पडले. फळाला आशा बांधलेल्या माणसासाठी ते वर्ष वाया गेलेले होते. वेळेला, म्हणजे स्वतःच्या कामाला, आशा बांधलेल्यासाठी तो पुढचा टप्पा होता. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य जिंकले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने, आणि १९९८पासून या शर्यतीतली तिन्ही पदके घरी नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी तिथे संपली. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४मध्ये पॅरिसला, पुरुषांच्या या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय, आणि तिथे अकरावा क्रमांक. जुलै २०२५मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी पडून गुडघा जायबंदी, शस्त्रक्रिया, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला मुकणे.

इथे हुशार वाचक हरकत घेणार, आणि ती रास्त आहे. एका साबळेमागे सैन्यभरतीच्या मैदानावर धावून, वय उलटून परत आलेली शेकडो पोरे याच तालुक्यात असतील. त्यांची मुलाखत कोणी घेत नाही. जिंकलेल्याकडे बोट दाखवून ‘बघा, चिकाटी ठेवली की जमते’ म्हणणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला गुंतवणुकीचा सल्ला विचारण्यासारखे आहे. म्हणूनच पदकांचा पुरावा मी इथे वापरत नाही. चिकाटीने पदक मिळतेच असे नाही. बहुतेकांना मिळत नाही. पुरावा आहे तो इतकाच, की टोकियोसारख्या दिवसानंतर माणूस कशाच्या आधारावर पुन्हा उभा राहतो. आणि तो आधार नीट पाहिला तर निव्वळ मनोबलाचा दिसत नाही. महिन्याचा पगार होता, पोटभर आहार होता, प्रशिक्षक होता, दुखापतीवर उपचार होते, हरलो तरी उद्या खायला मिळेल ही खात्री होती. भरतीतून परतलेल्या पोराकडे यातले काही नसते. त्याची चिकाटी कमी पडली असे म्हणण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. त्याला काय सांगायचे? भरतीची तारीख हेच एकमेव दार मानू नकोस, सोबत दुसरी एक वाट आजपासून चालू ठेव, एवढे सांगता येते. आणि ती वाट त्याला खरोखर उपलब्ध आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावरही येते.

इथून दुसऱ्या आणि अधिक कडवट आक्षेपाकडे जाता येते: गरिबाला आनंदी राहायला सांगणे म्हणजे अन्यायावर गुलाबपाणी शिंपडणे. बीड हा ऊसतोडीचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक कोयता, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्यावर निघते. उचल आधीच घेतलेली आणि बहुतेक वेळा खर्चही झालेली असते, म्हणजे येणारे सहा महिने आधीच विकलेले असतात. कारखान्याच्या आवारात कोपी ठोकायची, भल्या पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. आजारपणात खाडा झाला तर तोही पैशांतच मोजला जातो. या जिल्ह्यातल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आले. अशा बाईला ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्याची जीभ कचरायला हवी. यावर संशोधनही आहे, आणि योगायोगाने ते उसाचेच आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी ऊसतोडणीपूर्वीच्या कडकीत आणि तोडणीनंतर हाती पैसा आल्यावर अशी दोनदा घेतली गेली. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. माणसे तीच, पण कडकीत त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली. पैशाची विवंचना विचार करण्याची जागाच व्यापून टाकते. म्हणजे पुढची वाट दिसण्याची जी ताकद आशेचा निम्मा भाग आहे, तीच गरिबीत आधी कमी होते. म्हणून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृहे, वेळेवर सुरू होणारी चारा छावणी, रोजगार हमीचे काम, यांना मी आशावादाच्या खात्यातच धरतो. आई-वडील फडावर असताना पोर शाळेत आहे, ही त्या घरातली सर्वांत ठोस आशा असते.

आणि आशावादी माणसाने तक्रार करू नये, हा नियम कोणी काढला कोण जाणे. दोहाच्या २०१९च्या जागतिक स्पर्धेत साबळेच्या प्राथमिक फेरीत दुसरे धावपटू वाटेत कोसळले आणि त्याची लय मोडली. तो पात्र ठरला नाही. भारतीय पथकाने रीतसर हरकत नोंदवली, ती मान्य झाली, त्याला अंतिम फेरीत घेतले गेले, आणि तिथे तो आधीपेक्षा वेगाने धावून टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला. जाऊ द्या, नशिबात नव्हते, असे म्हणून पथक गप्प बसले असते तर त्याला कोणी समाधानी वृत्ती म्हटले असते. हरकत घेणारा माणूसच खरे तर अधिक आशावादी असतो. ऐकून घेणारे कोणीतरी आहे, यावर त्याचा अजून विश्वास असतो. ज्याने ग्रामसभेत प्रश्न विचारणे सोडले त्याची काळजी करावी.

उरला तिसरा आक्षेप: आशेनेच माणूस कर्जात बुडतो. हाही खोटा नाही. एक बोअर कोरडे गेले, दुसरे गेले, तरी ‘यंदा लागणारच’ म्हणून सावकाराच्या पैशांवर तिसरे घेणारा शेतकरी मराठवाड्यात शोधावा लागत नाही. पण ही आशा फळाला बांधलेली, ओटिंगेन यांच्या गुलाबी चित्रांच्या जातीची. पाणी लागल्याचे चित्र इतके लख्ख असते की मधला खडक दिसत नाही. कामाला बांधलेली आशा इथे वेगळे प्रश्न विचारते: भूजलाची पाहणी केली का, शेजाऱ्याची विहीर किती खोलीवर आटली, आणि हेही कोरडे गेले तर थांबायचे कुठे हे मशीन शेतात यायच्या आधी ठरले आहे का. थांबण्याची रेघ आधी आखून ठेवणे हे निराशेचे लक्षण मानले जाते, ते चूक आहे. ती रेघ असते म्हणून पुढच्या वर्षीसाठी काही शिल्लक राहते. उलट निराशावादी माणूस सुरक्षित असतो, ही समजूतही फार तपासून घेतलेली नाही. ‘काही होत नाही’ म्हणणारा पीकविम्याचा अर्ज भरत नाही, पोरीला पुढे शिकवत नाही, दुखणे अंगावर काढतो. त्याचे नुकसान ठळक दिसत नाही इतकेच, कारण न केलेल्या गोष्टींची थकबाकी कुठल्या बँकेच्या वहीत चढत नाही.

आता आनंदाबद्दल. आशा आणि आनंद आपण जोडीने म्हणतो, पण त्यांचे व्यवहार वेगळे आहेत, आणि या बाबतीत गावाला शहरापेक्षा अधिक कळते. याच तालुक्यातल्या सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे गर्दी लोटते. पीक बुडालेल्या वर्षी यात्रा रद्द होत नाही. गावातला हरिनाम सप्ताह पावसाचे आकडे पाहून ठरत नाही. पंगत साधी होईल, भाकरी-आमटीवर भागेल, पण सप्ताह होतो. पोळ्याला बैल नसेल तर मातीचा पुजतात. शहरी मध्यमवर्गाने आनंद यशाच्या मागे लावून दिला आहे: निकाल लागला की पार्टी, फ्लॅटचा ताबा मिळाला की सहल. निकाल लांबला की आनंदही लांबतो. इथे आनंदाला पंचांगात स्वतःची जागा आहे आणि त्यासाठी आधी काही कमवून दाखवावे लागत नाही. आशेची तारीख ठरवू नये असे मी वर म्हटले. आनंदाची मात्र खुशाल ठरवावी, आणि ती परिस्थिती सुधारेपर्यंत पुढे ढकलू नये. यावर कोणी म्हणेल की सप्ताहासाठी आणि लग्नासाठी कर्ज काढणारेही हेच लोक. खरे आहे, पण तिथे बिघडवतो तो मानपानाचा खर्च. तो वजा केला तरी चार माणसांनी एकत्र बसण्यातले काही कमी होत नाही, आणि उपयोग त्या बसण्याचाच असतो. एकट्याने ओढून आणलेला उत्साह दोन दिवसांत उतरतो. शेजारच्या ओट्यावर बसून सरकारला, पावसाला आणि जावयाला सारख्याच शिव्या घालणाऱ्या मंडळींना कोणी आशावादी म्हणणार नाही, पण त्यांची झोप बरी असते.

दुःख झाले तर ते होऊ द्यावे, हेही यातच आले. दुबार पेरणी वाया गेलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी ‘होईल सगळे ठीक’ म्हणणे म्हणजे त्याचे बोलणे तोंडातच अडवणे. त्याला आधी बोलू द्यावे. काय गेले, किती गेले, देणे कोणाचे, हे तोंडून बाहेर पडले की त्यातच पुढच्या कामाची यादी असते: बँकेत जायचे, पंचनामा करून घ्यायचा, बियाण्याची पावती शोधायची, ज्वारीसाठी रान तयार करायचे. जवळच्या माणसाने त्यातले एखादे काम सोबत जाऊन करावे. मायर आणि सेलिग्मन यांनी अर्धशतक घालवून जे शोधले त्याचा घरगुती उपयोग एवढाच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मात्र एक सीमा ध्यानात ठेवावी लागते, विशेषतः शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात. मन खट्टू होणे वेगळे आणि नैराश्याचा आजार वेगळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण तुटले, नेहमीच्या गोष्टींतली गोडी गेली, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ अशी भाषा सुरू झाली, किंवा सदा कुरकुरणारा माणूस एकाएकी निवांत होऊन हिशेब मिटवू लागला, तर तिथे आशावादाचे कुठलेही लेख कामाचे नाहीत, हाही नाही. अशा माणसाला एकटे सोडू नका, जीव देण्याविषयी थेट विचारायला घाबरू नका, आणि तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. दिवसरात्र केव्हाही लावा, मराठीत बोलता येते. क्रमांक १४४१६.